अलीकडच्या काठावर

नकाशावर पाहिले तर नंदुरबार जिल्ह्यातले चिंचपाडा आडबाजूचे गाव वाटत नाही. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर त्याचे स्वतःचे स्टेशन आहे, सुरतेहून धुळ्याकडे जाणारा महामार्ग हाताशी आहे, आणि १९४२ पासून चालत आलेले ख्रिश्चन हॉस्पिटल गावातच आहे. तालुक्याचे ठिकाण नवापूरही याच वाटेवर. पण महामार्ग सोडून पाड्यांच्या दिशेने वळले की चित्र पालटते. डोंगरउतारावरून नाले, ओहोळ उतरत येतात आणि वाट त्यांना पुन्हा पुन्हा ओलांडत जाते. प्रत्येक ठिकाणी उंच पूल नाही. अनेक जागी नुसती फरशी आहे, म्हणजे पात्राच्या तळालगत टाकलेला काँक्रीटचा पट्टा. उन्हाळ्यात ती कोरडी असते, दिवाळीच्या सुमारास तिच्यावरून घोटाभर पाणी वाहते, आणि श्रावणात वर डोंगरात जोराचा पाऊस झाला की तासाभरात ती दिसेनाशी होते. ऑगस्ट २०१८ मध्ये नवापूर तालुक्यात असाच पाऊस झाला. रंगावली नदीचे पाणी नवापूर शहरात शिरले, घरे आणि गुरे वाहून गेली, माणसेही गेली.

जीव वाचवण्यासाठी सोबत काय ठेवावे याचा विचार मी या फरशीपासून सुरू करतो. त्याला कारण आहे. पुराच्या बातम्या वाचताना एक प्रकार वारंवार दिसतो: पाणी चढताना कळले नाही म्हणून बुडालेल्या माणसांच्या जोडीने, पाणी समोर दिसत असूनही त्यात उतरलेली माणसे. ही माणसे बेफिकीर नसतात. संध्याकाळ झालेली असते. घर पलीकडच्या काठावर, शंभर-दोनशे पावलांवर असते. घरात लहान मूल असते, म्हातारी आई असते, धारेची म्हैस असते. अंगावरचे कपडे भिजलेले, फोन बंद पडलेला, पोटात दुपारपासून काही नाही. अलीकडच्या काठावर रात्र काढायची म्हटले तर कशाच्या आधारावर काढायची? मग माणूस पाण्याकडे बघतो, कालपरवा असेच कोणीतरी पार गेल्याचे आठवतो आणि पाऊल टाकतो.

वाहत्या पाण्याचा अंदाज डोळ्यांना येत नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. वेगाने वाहणारे १५ सेंटिमीटर पाणी, म्हणजे घोट्याच्या जरा वर, धडधाकट माणसाचे पाय उखडू शकते. ३० सेंटिमीटरमध्ये लहान मोटार तरंगू लागते, ६० सेंटिमीटरमध्ये बहुतेक वाहने वाहून जातात. मोटरसायकलची तर गोष्टच नको. शिवाय गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की मधला तुकडा केव्हाच वाहून गेला आहे, हे काठावरून कळत नाही.

म्हणून माझ्या मते आपल्या भागात जवळ बाळगायच्या पिशवीचे पहिले काम एकच: माणसाला थांबता आले पाहिजे. जंगलात महिनाभर तगून राहण्याची तयारी चिंचपाड्याच्या शेतकऱ्याला, आशाताईला, शाळेच्या शिक्षकाला किंवा बाजाराला गेलेल्या बाईला नको आहे. त्यांना हवी आहे एक रात्र, फार तर दीड दिवस, अंग शक्य तितके कोरडे ठेवून, घशाला पाणी देऊन आणि घरी निरोप पोचवून काढता येईल एवढी सोय. ती सोय जवळ असेल तर पाण्यात न उतरण्याचा निर्णय सोपा होतो. नसेल तर कितीही शहाणा माणूस उतरतो.

थांबणे शहाणपणाचे असते, पण सोय नसेल तर ते किती अवघड होते, हे २७ जुलै २०१९ रोजी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. गाडीत हजाराहून अधिक प्रवासी होते. रेल्वेने सांगितले की खाली उतरू नका, गाडीतच सुरक्षित आहात. आणि ते खरेच होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि नौदलाच्या मदतीने सर्वांना बाहेर काढण्यात आले. पण सुटका होईपर्यंत कितीतरी तास गेले आणि त्या तासांत प्रवासी पिण्याच्या पाण्याविना, खाण्याविना, संपत चाललेल्या फोनसह बसून होते. चहूकडे पाणी होते, पिण्याजोगे एक घोटही नव्हते. प्रत्येकाच्या सामानात कपडे भरपूर होते. भरलेली बाटली, मूठभर फुटाणे आणि चार्ज केलेली पॉवर बँक किती जणांकडे होती?

बाजारात आणि ऑनलाइन दुकानांत ‘सर्व्हायव्हल किट’ नावाचा डबा मिळतो. त्यात मासे पकडायचा गळ, सापळ्याची तार, होकायंत्र, वायरची करवत, चकमकीचा दांडा असे सामान असते. ही यादी आली कुठून? तिचा एक धागा दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांपर्यंत जातो. समुद्रात किंवा परक्या मुलखात उतरावे लागले तर एकट्याने तगून राहता यावे यासाठी त्यांना अशी पाकिटे दिली जात. दुसरा धागा गिर्यारोहकांचा. अमेरिकेतल्या सिॲटलच्या ‘द माउंटेनिअर्स’ या संस्थेने १९३०च्या दशकात दहा आवश्यक वस्तूंची यादी केली आणि ती आजही थोड्याफार फरकाने जगभर वापरली जाते. दोन्ही याद्या त्यांच्या त्यांच्या जागी चोख आहेत. पण वैमानिक आपल्या माणसांपासून शेकडो मैल दूर पडलेला असतो; चिंचपाड्याचा माणूस घरापासून हाकेच्या अंतरावर अडकलेला असतो. त्याला दिशा शोधायची नाही, ती त्याला पाठ आहे. त्याला मासे पकडायचे नाहीत, आणि पकडायचे झाले तरी त्याच्याकडे याहून चांगली साधने आहेत. दुसऱ्याच्या संकटासाठी केलेली यादी आपण उचलली की पिशवी जड होते आणि नेमकी गरजेची वस्तू तिच्यात नसते.

मग ठरवायचे कसे? जगभर एक ढोबळ हिशेब सांगितला जातो: हवेवाचून तीन मिनिटे, प्रतिकूल हवामानात आडोशावाचून तीन तास, पाण्यावाचून तीन दिवस, अन्नावाचून तीन आठवडे. हे आकडे काटेकोर नाहीत, माणसागणिक बदलतात. पण त्यातला क्रम खरा आहे आणि आपल्या सवयीच्या उलट आहे. आपण प्रवासाची तयारी म्हटले की आधी डब्याचा विचार करतो. एका रात्रीच्या संकटात अन्न शेवटी येते. पहिला येतो आडोसा.

इथे कोणी म्हणेल, आपल्याकडे थंडीने माणूस दगावण्याइतका गारठा पावसाळ्यात कुठे असतो? थर्मामीटर पाहिला तर तो २२-२३ अंशांच्या खाली फारसा जात नाही, हे बरोबर. पण ओल्या कपड्यांत वाऱ्यावर बसलेल्या शरीराचा हिशेब वेगळा असतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. अंगावरच्या लुगड्यात किंवा शर्ट-पँटमध्ये अर्धा लिटर पाणी सहज मुरते. ते रात्रभरात वाऱ्याने वाळले तर त्याने सुमारे २९० किलोकॅलरी उष्णता घेतली, आणि त्यातला मोठा वाटा शरीराचा. ज्वारीच्या एका भाकरीतून मिळते त्याहून ही जास्तच भरेल. पाऊस चालूच असेल तर कपडे पुन्हा भिजतात आणि तोच खर्च पुन्हा सुरू होतो. जेवून-खाऊन असलेला तरणा गडी हे निभावून नेतो. म्हातारे माणूस, लहान मूल, बाळंतीण, आधीच अशक्त असलेले शरीर नेत नाही. आधी थरथर सुटते, मग बोलणे अडखळते, आणि थरथर थांबली की लोकांना वाटते बरे वाटू लागले. खरे तर तेव्हाच धोका वाढलेला असतो.

यावरचा उपाय पेरणीच्या दिवसांत शिवारात सगळीकडे दिसतो. पूर्वी बांबूच्या सांगाड्यावर पळसाची पाने बसवून इरले करत. आता डोक्यावरून प्लास्टिकचा कागद घेतात. पिशवीत घालायची पहिली वस्तू हीच: माणसाला डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून उरेल एवढा, साधारण दोन मीटर लांब-रुंद, जाडसर प्लास्टिकचा कागद. घडी केली की तो वहीएवढा होतो. तो पाऊस अडवतो, वारा अडवतो, आणि आत अडकलेली ओल बाहेर उडू देत नाही, त्यामुळे वाफ होऊन जाणारी उष्णता वाचते. फक्त तोंड मोकळे ठेवायचे. बसताना खाली गोणपाट, नाहीतर पालापाचोळ्याचा जाड थर घ्यायचा, कारण ओली जमीनही अंगातली ऊब ओढते. त्याच कागदात एक कोरडा सदरा किंवा जुनी लोकरी शाल वेगळ्या पिशवीत गाठ मारून ठेवली तर रात्र निम्मी सुसह्य होते. ओले कपडे काढून कोरडे चढवणे हाच थंडीवरचा सर्वांत मोठा इलाज आहे.

थांबायचे कुठे हेही ठरलेले असावे. काठावर नको, पुलाखाली नको, एकट्या उंच झाडाखाली तर मुळीच नको. वीज पडण्याचे ते ठिकाण. शाळेचा व्हरांडा, ग्रामपंचायत, देऊळ, चर्च, ओळखीच्या माणसाची पडवी, जे उंचावर आणि पक्के असेल ते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप आसपास वीज पडण्याचा इशारा देते. फोन चालू असताना ते पाहून घ्यावे.

दुसरी वस्तू उजेड. खेड्यात टॉर्चला बॅटरीच म्हणतात, आणि प्रत्येक घरात ती असते. पण घरात असते, अंगावर नसते. पुराच्या काळात बिळांत पाणी शिरले की साप उंचवट्यावर येतात, म्हणजे माणूस जिथे थांबतो तिथेच. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांपैकी कोणीही पायाखाली येऊ शकतो. उजेड, पायात बूट आणि हातात काठी यांनी जेवढे सर्पदंश टळतात तेवढे दुसऱ्या कशाने टळत नाहीत. मोबाइलचा उजेड यासाठी वापरू नये. त्याची वीज निरोपासाठी राखायची. बॅटरीतला एक सेल उलटा घालून ठेवला तर ती पिशवीत चुकून चालू होत नाही.

उजेडाबरोबर शिट्टी. ही वस्तू मी आग्रहाने सांगतो, कारण ती सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत कमी लोकांकडे असते. ओरडून ओरडून घसा अर्ध्या तासात बसतो. शिट्टी रात्रभर वाजवता येते आणि पावसाच्या, पाण्याच्या आवाजातही तिचा तीव्र सूर वेगळा ऐकू येतो. तीन वेळा फुंकायची, थांबायचे, पुन्हा तीन वेळा. मदतीची ही ओळखीची खूण आहे. आणि ती फक्त पुरातच लागते असे नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरत-धुळे महामार्गावरच्या कोंडाईबारी घाटात सुरतेकडे निघालेली खासगी बस रात्रीच्या वेळी पुलावरून खाली कोसळली होती. अशा अपघातात फळीवर ठेवलेली पिशवी कुठे जाते ते सांगता येत नाही. बसमध्ये, जीपमध्ये, पिकअपमध्ये बसताना आपले हात फक्त आपल्या खिशापर्यंत पोचतील असे धरून चालावे. शिट्टी आणि बोटाएवढी छोटी बॅटरी म्हणूनच गळ्यात किंवा खिशात हवी, पिशवीत नको. नाव, गाव, रक्तगट आणि घरचा नंबर लिहिलेला कागदही तिथेच.

तो कागद पेन्सिलीने लिहावा. शाई ओलाव्याने फुटते, पेन्सिलीचे अक्षर भिजून वाळले तरी वाचता येते. हल्ली कोणाचाच नंबर कोणाला पाठ नसतो. फोन बंद पडला की नवऱ्याचा नंबर बायकोला सांगता येत नाही. कागदावर घरचे दोन नंबर, पोलीसपाटलांचा एक, आणि मग सरकारी नंबर: सर्व संकटांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. इथे नवापूर तालुक्यापुरती एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. नवापूरचे रेल्वे स्टेशनच अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातमध्ये आहे. तालुक्याची हद्द राज्याची हद्द आहे. सीमेलगत फोन पलीकडच्या टॉवरला जोडला गेला असेल, तर समोर बोलणारा माणूस दुसऱ्या राज्याच्या कक्षातला असू शकतो. म्हणून बोलायला सुरुवात करताना राज्य, जिल्हा, तालुका, गाव या क्रमाने सांगावे, मग काय झाले ते. कॉल लागत नसेल तर एसएमएस पाठवून पाहावा. क्षीण सिग्नलवर तो पुष्कळदा जातो. पाठवून झाले की फोन विमान मोडवर टाकावा. सिग्नल शोधण्यातच फोनची बॅटरी सर्वांत लवकर संपते.

आणि नोटा. टॉवर बंद पडला की क्यूआर कोडचा काही उपयोग नाही. दहा, वीस, पन्नास, शंभरच्या मिळून चारशे-पाचशे रुपये प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावेत. पाचशेची एकच नोट ठेवली तर रात्री टपरीवर सुटे कोण देणार?

पाण्याचे गणित वजनाशी भांडणारे आहे. माणसाला दिवसाला तीन लिटर धरले तर तीन दिवसांचे नऊ किलो होतात, आणि नऊ किलोची पिशवी कोणी रोज उचलत नाही. म्हणून एक लिटरची भरलेली बाटली ठेवायची आणि पुढचे पाणी शुद्ध करण्याचे साधन ठेवायचे. अडकायचा प्रसंग पावसामुळेच आला असेल तर सर्वांत चांगले पाणी वरून पडतच असते. तोच प्लास्टिकचा कागद ताणून धरला, पहिल्या पाण्याने तो धुऊन घेतला, की नंतरचे पाणी सरळ बाटलीत घ्यावे. पूर आलेल्या नदीचे, बुडालेल्या विहिरीचे किंवा हातपंपाचे पाणी मात्र तसे पिऊ नये. ते आधी थोडा वेळ निवळू द्यावे, तुरटी असेल तर फिरवावी, मग जुन्या सुती साडीच्या कापडाच्या चार-आठ घड्या करून गाळावे. कापडाने गाळणे हा उपाय कामचलाऊ वाटतो, पण बांगलादेशात शास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो खेड्यांत तपासला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार साडीच्या घड्यांतून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने कमी झाले. पटकीचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना चिकटून असतात आणि ते जीव कापडात अडकतात. तरी सगळे जंतू अडकत नाहीत. गाळलेल्या पाण्यात क्लोरीनची गोळी किंवा मेडिक्लोरचे थेंब पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबायचेच. गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जाते, म्हणून आधी गाळणे.

ओआरएसची पाकिटे दोन तरी हवीत. त्यांचे मोल कळायला १९७१ साल आठवावे. बांगलादेश युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत आले, पटकी पसरली, शिरेतून द्यायचे सलाइन संपले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांची मिश्रणे करून पिंपात भरून ठेवली आणि नातेवाइकांना सांगितले, रुग्णाला हे पाजत राहा. ३० टक्क्यांच्या आसपास गेलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. पाकीट नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि सपाट म्हणजे बोटाने वरचा ढीग काढलेला. अंदाजाने मीठ जास्त पडले तर लहान मुलाला ते घातक ठरते. म्हणून हे मोजमाप त्याच पेन्सिलीने त्याच कागदावर लिहून ठेवावे.

विस्तवाची सोय करताना लोक काडेपेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळतात आणि तिथेच थांबतात. काड्या कोरड्या राहिल्या तरी पेटीची बाजू दमट झाली की काडी ओढताना तिचा लेप निघून येतो. त्यापेक्षा साधा स्वस्त लायटर बरा. दोन ठेवले तर आणखी बरे. पण ओल्या लाकडांना लायटरची ज्योत पुरत नाही. त्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बोटाएवढ्या लांब चार-पाच पट्ट्या कापून ठेवाव्यात. रबर पाणी शोषत नाही. ओले असले तरी पुसून ज्योतीवर धरले की पेटते आणि काही मिनिटे जळत राहते. तेवढ्या वेळात बारीक काटक्या सुकून धरतात. धूर काळा आणि घाण येतो, म्हणून हे उघड्यावरच करायचे, बंद खोलीत कधीही नाही.

खाण्याबद्दल फार सांगायला नको. दाणे, फुटाणे, गूळ, राजगिऱ्याचे लाडू, यांतले जे घरात असेल ते मूठ-दोन मूठ. शिजवावे लागेल, फार तहान लावेल किंवा महिन्याभरात खवट होईल असे काही नको.

काय घालू नये, हे मात्र सांगितलेच पाहिजे, कारण तिथे जीव जातो. साप चावल्यावर जखमेवर चिरा देण्यासाठी ब्लेड, आवळपट्टीसाठी दोरी, विष ओढून घेणारा पंप, यांतले काहीही ठेवू नये. चिरा दिल्याने विष निघत नाही, रक्त वाहते. घट्ट आवळल्याने हात किंवा पाय निकामी होतो. काही जण विचारतात, प्रतिविषाची कुपीच जवळ ठेवली तर? ते औषध शिरेतून द्यावे लागते, सुरुवातच साधारण दहा कुप्यांनी होते, आणि त्याची तीव्र ॲलर्जी येऊन रुग्ण दगावू शकतो, म्हणून ते दवाखान्यातच द्यायचे असते. आपल्या पिशवीतून सर्पदंशासाठी लागतात त्या दोन गोष्टी: चावलेला अवयव हलू नये म्हणून काठी आणि लांब कापडी पट्टी. धीर द्यायचा, चालू द्यायचे नाही, आणि उचलून थेट हॉस्पिटल गाठायचे. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, सूजही येत नाही. पापण्या जड होऊन मिटू लागल्या की वेळ थोडा उरलेला असतो. चिंचपाड्याच्या आसपासच्या पाड्यांना हॉस्पिटल जवळ आहे हे मोठे भाग्य. पण त्या वाटेवरची कोणती फरशी पावसात बुडते आणि बुडाली तर वळसा कुठून, हे पावसाळ्याआधीच माहीत असले पाहिजे.

आतापर्यंतची पिशवी सर्वांना सारखी होती. पण खरी पिशवी ज्याची त्याची असते, आणि नंदुरबार जिल्ह्यात याचे सर्वांत ठळक उदाहरण सिकलसेल आहे. भारतात हा आजार प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत नोंदला गेला. सातपुड्याच्या आणि नवापूरच्या पट्ट्यात तो आज घरोघरी ओळखीचा आहे. या आजारात प्राणवायू कमी पडला की रक्तातल्या हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडांत, छातीत, पोटात असह्य वेदना उठतात. ही अवस्था कशाने ओढवते? अंगातले पाणी कमी होणे, गारठा, अतिश्रम. म्हणजे पुराच्या काठावर काढलेली एक रात्र बाकीच्यांना नुसता त्रास देते, सिकलसेलच्या रुग्णाला ती रुग्णालयात पोचवू शकते. त्याच्या पिशवीत पाणी दुप्पट हवे आणि ते तहान लागायच्या आधीपासून घोट घोट प्यायला हवे. कोरडी ऊबदार कपड्यांची जोडी त्याला चैन नाही, औषधच आहे. रोजच्या हायड्रॉक्सियुरियाचा आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेदनाशामकाचा तीन दिवसांचा साठा हवा. आणि राज्याच्या सिकलसेल कार्यक्रमात रुग्णाला मिळणारे लाल कार्ड, किंवा त्याची प्लास्टिकमध्ये घातलेली झेरॉक्स, खिशात हवी. अनोळखी डॉक्टरसमोर वेदनेने तळमळणारा माणूस आपला आजार समजावून सांगू शकत नाही. कार्ड एका नजरेत सांगते.

याच न्यायाने मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या, फिटच्या रुग्णाने आपापली औषधे ठेवावीत, चष्मा लागणाऱ्याने जुना चष्मा, पाळी येणाऱ्या बाईने पॅड किंवा स्वच्छ कापड. तान्हे मूल बरोबर असेल तर आईचे पाणी आणि खाणे वाढवावे. दूध पाजणाऱ्या आईची पिशवी म्हणजेच मुलाची पिशवी.

या सगळ्याचे वजन पाण्याची बाटली धरून दोन-अडीच किलोंच्या वर जाऊ देऊ नये. जड पिशवी पहिल्या आठवड्यात खुंटीवर जाते. मृग लागायच्या सुमारास, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, एकदा सगळे बाहेर काढून पाहावे: सेल, गोळ्यांच्या तारखा, दाणे, कागदावरचे नंबर.

दुसरी वेळ दिवाळीनंतरची, आणि ती या तालुक्याच्या फार जिव्हाळ्याची आहे. ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत, बारडोलीच्या आणि सुरतेच्या बाजूला जाणारी कुटुंबे तेव्हा बाडबिस्तरा बांधतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी या मजुरांच्या जगण्यावर १९७०च्या दशकापासून लिहिले आहे, आणि खानदेशातून तिकडे जाणारी वाट तेव्हाही जुनीच होती. भांडी, धान्य, कोयते, पोरे, कोंबड्या, सगळे ट्रकवर चढते. पडावावर पाचटाचे नाहीतर प्लास्टिकचे खोपटे, आणि झोपायचे जमिनीवर. या बिस्तऱ्यात एक वस्तू जास्तीची घालायची असेल तर मी मच्छरदाणी सांगेन. हिवतापापासून ती वाचवते हे सर्वांना ठाऊक आहे. पण मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसालाच चावते, आणि नेपाळच्या तराईत २००७ च्या सुमारास झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश बराच कमी होतो असे दिसून आले. अट एकच: तिची कड चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचलेली असली पाहिजे.

सोबत गर्भवतीचे आणि बाळाचे माता-बाल संरक्षण कार्ड, रेशनकार्डाची आणि आधारची झेरॉक्स, सिकलसेलचे कार्ड असेल तर ते, सारे एका प्लास्टिकच्या पाकिटात. बाळाला कोणती लस दिली आणि कोणती राहिली हे परक्या राज्यातल्या नर्सला त्या कार्डावरूनच कळते, आणि राहिलेला डोस तिथल्या उपकेंद्रातही मिळू शकतो. मुकादमाचा आणि कारखान्याच्या गटाचा नंबर गावी मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांजवळ लिहून ठेवावा, आणि पडावाजवळच्या सरकारी दवाखान्याचे नाव पहिल्याच दिवशी विचारून त्या पेन्सिलीच्या कागदावर चढवावे.